दयाळाच्या पिल्लांचा बाप कोणता? विणीचा हंगाम, पिल्लांची भरवण आणि रक्ताचे नाते

कुळागरकर (माशेल), २ मे, सकाळी

आमच्या कुळागरातील (पोफळी-माडांच्या बागेतील) विहिरीला चिऱ्यांचा कठडा आहे. बांधकामाच्या वेळी आडवा बांबू खोचण्यासाठी त्यात सोडलेले एक भोक नंतर कोणी बुजवले नाही. यंदा त्या भोकात दयाळाच्या जोडीने घरटे केले. गेले काही आठवडे मी रोज सकाळी चहा घेऊन बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसतो आणि तासभर नोंदी ठेवतो. दयाळाचे बरे हे की नर काळाभोर व मादी राखाडी असल्यामुळे कोण आले आणि कोण गेले, यात गफलत होत नाही. वहीत नरासाठी उभी रेघ आणि मादीसाठी आडवी, अशी खूण मी ठरवली आहे.

अंडी उबवायला एकटी मादीच बसत होती. पिल्ले बाहेर आल्यावर मात्र नरही नाकतोडे, गांडुळे आणि एकदा तर पालीचे शेपूट वळवळणारे पिल्लू घेऊन आला. परत जाताना तो पिल्लाची पांढऱ्या पापुद्र्यात गुंडाळलेली विष्ठा चोचीत धरून नेतो आणि दूर पाटाच्या कडेला टाकतो. मादीच्या रेघा जास्त आहेत, पण नरही कामचुकार नाही.

आता मूळ प्रश्न. मादी अंडी घालत होती त्या आठवड्यात शेजारच्या आंब्यावरचा दुसरा नर वारंवार हद्दीत शिरत असे आणि आमचा नर त्याला हुसकावून लावत असे. एका पहाटे आमचा नर माडाच्या शेंड्यावर गात असताना तो दुसरा नर मादीजवळ कुंपणावर उतरला. दोघांच्या शेपट्या क्षणभर एकमेकींना लागल्या आणि तो उडून गेला. मी पाहिले ते मीलनच होते, याविषयी मला शंका नाही. मग आज आमचा नर ज्यांना पालीचे पिल्लू भरवतो, ती पिल्ले त्याची आहेत का? नसतील, तर त्याला ते कळते का? आणि कळत असेल, तर तो भरवतो कशासाठी?

मांडवीकाठ (रायबंदर), २ मे, दुपारी

कुळागरकर, नोंद फार चांगली आहे. मादी अंडी घालत असतानाचा आठवडा तुम्ही वेगळा टिपून ठेवला, हे विशेष, कारण पितृत्व ठरते ते त्याच दिवसांत. पक्ष्यांच्या मादीच्या शरीरात शुक्राणू साठवून ठेवणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. त्यामुळे एका क्षणाच्या भेटीचा परिणाम पुढच्या काही दिवसांतील अंड्यांवर होऊ शकतो. मात्र एक भेट झाली म्हणजे अंडे त्याच नराचे, असेही नाही. कुंपणावर बसून याचा निकाल लागत नाही, बाल्कांवात बसून तर नाहीच.

या प्रश्नाचा इतिहास मोठा रंजक आहे. १९६८ साली डेव्हिड लॅक या ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञाने नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी एकपत्नीक असल्याचे लिहिले. त्या काळी घरट्यावर एक नर आणि एक मादी दिसली की ती जोडी आणि पिल्ले त्या जोडीची, असा सरळ हिशेब होता. त्याला पहिला मोठा धक्का १९७५ साली अमेरिकेत बसला. तेथे लाल खांद्याचा ब्लॅकबर्ड शेतीचे नुकसान करतो. संख्या आटोक्यात यावी म्हणून नरांची नसबंदी करून पाहिली, तर त्या नरांच्या हद्दीत घरटी केलेल्या माद्यांनी घातलेल्या अंड्यांतूनही पिल्ले निघाली. ती अंडी फळवणारे नर दुसरेच होते, हे उघड झाले.

पुढे १९८४ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांना डीएनए ठशांची पद्धत सापडली आणि १९८७ साली ती घरचिमण्यांवर वापरली गेली. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते, आपल्या असत नाही. त्यामुळे पंखाखालच्या शिरेतून घेतलेला रक्ताचा एक थेंबही पुरतो. पिल्लाच्या ठशातील ज्या रेषा आईकडून आलेल्या नाहीत, त्या घरट्यावरच्या नरात सापडायला हव्यात. सापडल्या नाहीत, तर बाप दुसरा. आपल्याकडे हे तंत्र हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रात लालजी सिंह यांनी उभे केले. मात्र ते नाव लोकांना न्यायालयांतील खटल्यांमुळे ठाऊक झाले, पक्ष्यांमुळे नव्हे.

२००२ साली तोवरच्या अभ्यासांचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात तपासलेल्या जातींपैकी सुमारे ९० टक्के जातींत असे बाहेरचे पितृत्व आढळले होते आणि जोडीने राहणाऱ्या जातींत सरासरी ११ टक्क्यांहून अधिक पिल्ले दुसऱ्या नराची होती. म्हणजे घरटे सांभाळणारी जोडी खरी असते, पण ती जोडी आणि पिल्लांचे आईबाप या दोन गोष्टी एकच धरता येत नाहीत.

गुरुजी_डिचोली, २ मे, रात्री

चर्चा उद्बोधक आहे, परंतु मला दोन शंका आहेत. पहिली अशी. आम्ही छत्तीस वर्षे मुलांना पक्ष्यांच्या संसाराचे दाखले दिले. आता हा संसारच खोटा ठरवायचा का? दुसरी शंका अधिक गंभीर आहे. शाळेच्या आवारातील वडावर दरवर्षी कावळा कोकिळेचे पिल्लू वाढवतो. स्वतःहून वेगळ्या रंगाचे, वेगळ्या आवाजाचे पिल्लू ज्याला ओळखता येत नाही, तो पक्षी आपल्याच जातीच्या पिल्लात आपले आणि परके काय ओळखणार? मग "बाप काळजी का घेतो" हा प्रश्नच उरत नाही. त्याला कळत नाही म्हणून तो घेतो, इतकेच.

शिंजीर (म्हापसा), ३ मे, सकाळी

गुरुजी, आपली दुसरी शंका अर्धी बरोबर आहे, आणि तो बरोबर अर्धा भागच पुढे अडचण निर्माण करतो. नर एकेका पिल्लाला ओळखत नाही, हे अनेक जातींत दिसून आले आहे. पण त्यावरून त्याला काहीच कळत नाही, असे ठरत नाही.

डनॉक हा चिमणीएवढा, मातकट रंगाचा युरोपीय पक्षी आहे. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात निक डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तेथे पुष्कळदा एका मादीच्या हद्दीत दोन नर असतात. १९८९ साली डीएनएच्या आधारे प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहण्यासारखे आहेत. ज्या नराला मादीच्या विणीच्या दिवसांत तिच्याशी मीलनाची संधी मिळाली, तो पिल्लांना भरवायला आला. ज्याला संधी मिळाली नाही, तो आला नाही. संधी जेवढी अधिक, तेवढी भरवणही अधिक. आणि तरीही घरट्यात बसलेल्या पिल्लांपैकी स्वतःची निवडून त्यांनाच घास दिला, असे एकाही नराबाबत दिसले नाही. म्हणजे तो पिल्लांची तोंडे पाहून ठरवत नाही, मागच्या पंधरवड्यात आपले काय झाले यावरून ठरवतो.

आता साधा हिशेब करून पाहू. घरट्यात चार पिल्ले आहेत, तीन आपली आणि एक शेजाऱ्याचे, पण कोणते ते ठाऊक नाही. नराने हात आखडता घेतला, तर उपाशी राहणाऱ्यांत तीन पिल्ले त्याचीच असणार. त्यामुळे थोडासा संशय असला तरी भरवणे हेच त्याच्या फायद्याचे. संशय फार मोठा झाला, तरच गणित उलटते.

मांडवीकाठ, ३ मे, दुपारी

शिंजीर यांच्या मुद्द्याला जोड देतो, आणि थोडी खीळही घालतो. इंग्लंडमध्ये वेळूबनात राहणाऱ्या रीड बंटिंग या पक्ष्याच्या १९९४ सालच्या अभ्यासात ५५ टक्के पिल्ले दुसऱ्या नरांची निघाली आणि ८६ टक्के घरट्यांत असे निदान एक पिल्लू होते. एकाच जोडीच्या दोन विणींची तुलना केली, तेव्हा ज्या विणीत नराची स्वतःची पिल्ले कमी, त्या विणीत त्याने कमी भरवले. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेला. पण नेदरलँड्समध्ये त्याच जातीवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नर तशी काटछाट करताना दिसले नाहीत. मला हा दुसरा अभ्यास पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण एका जातीच्या एका ठिकाणच्या वागण्यावरून नियम करण्याची घाई आपल्याला फार असते.

घरचिमणीचा दाखला अधिक पक्का आहे. ब्रिस्टल खाडीतील लंडी बेटावरच्या चिमण्या बाहेर फारशा जात नाहीत आणि बाहेरच्या येत नाहीत. त्यामुळे प्रत्येकीचे कूळ नोंदलेले आहे. बारा वर्षांच्या नोंदींवरून असे दिसले की बाहेरच्या नरांशी वारंवार संबंध ठेवणाऱ्या मादीचा जोडीदार पिल्लांना कमी भरवतो. मग पिल्लांची घरट्याघरट्यांत अदलाबदल करून पाहिली, तरी नरांच्या वागण्यात फरक पडला नाही. त्यांचे लक्ष पिल्लांकडे नसून मादीच्या वागण्याकडे होते.

रानवाट, ३ मे, सायंकाळी

वाचते आहे. कुळागरकर, आंब्यावरच्या त्या नराच्या स्वतःच्या घरट्याचा पत्ता लागला का?

कुळागरकर, ३ मे, रात्री

लागला. आंब्याच्याच ढोलीत आहे. तो तिथेही चारा नेतो.

शिंजीर आणि मांडवीकाठ, आपल्या स्पष्टीकरणाने माझा पहिला प्रश्न बराच सुटला, पण दुसरा अधिकच बळावला. मागचा पंधरवडा लक्षात ठेवण्याइतकी बुद्धी ज्याला आहे, त्याला पिल्लाचा आवाज किंवा रंग ओळखण्याची का नसावी? निसर्गाने हे एवढेच का शिकवले नाही?

शिंजीर, ४ मे, सकाळी

ओळख काही पक्ष्यांना आहे, आणि ती कोणाला आहे हे पाहिले की उत्तराचा मोठा भाग हाती लागतो. पाकोळ्यांचे उदाहरण घ्या. काही पाकोळ्या शेकडोंच्या वस्तीत, खेटून घरटी करतात. उडायला लागलेले पिल्लू तेथे चुकून शेजारच्या भोकात शिरते. अशा जातींत आईबाप आपल्या पिल्लाचा आवाज ओळखतात आणि परक्याला घास देत नाहीत. त्यांच्याच जवळच्या नात्यातल्या, पण एकेकट्या घरटे करणाऱ्या जातींत ही ओळख आढळत नाही, कारण तेथे घरट्यात जे आहे ते आपलेच, हा ठोकताळा सहसा चुकत नाही. दयाळाचे भोकही असेच एकटे आहे.

दुसरी अडचण पिल्लाच्या बाजूची आहे. पिल्लाने आपल्या खऱ्या बापाची खूण अंगावर बाळगली, तर ज्या घरट्यात बाप निराळा आहे तेथे त्याचीच उपासमार होईल. खूण नसलेले पिल्लू मात्र दोन्हीकडे सुखरूप. तेव्हा तशी खूण टिकून राहणे कठीण आहे. आणि बापाच्या बाजूने पाहिले, तर ओळखण्यात झालेली चूक म्हणजे स्वतःचेच पिल्लू मारणे. निसर्गाने शिकवले नाही असे म्हणण्यापेक्षा, ही शिकवणी बहुतेकांना परवडत नाही, असे म्हणावे लागेल.

मांडवीकाठ, ४ मे, सकाळी

गुरुजींच्या कावळ्याचे उत्तर राहिले होते. परजातीचे पिल्लू ओळखणे आणि आपल्याच जोडीदारिणीचे, पण दुसऱ्या बापाचे पिल्लू ओळखणे, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत उत्तीर्ण होणारा पक्षी दुसरीत साफ नापास होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातील निळ्या फेअरी-रेनमध्ये हे दोन्ही एकत्र दिसते. १९९४ सालच्या अभ्यासात त्याची सुमारे ७६ टक्के पिल्ले गटाबाहेरच्या नरांची निघाली, आणि घरचे नर ती वाढवत होते. त्याच पक्ष्याची मादी अंडी उबवताना एक ठरावीक हाक घालते, पिल्ले अंड्यातच ती शिकतात आणि बाहेर आल्यावर तीच खूण मिसळून घास मागतात. कोकिळकुळातील परक्या पिल्लाला ती नीट जमत नाही, तेव्हा त्याला भरवणे थांबण्याची शक्यता वाढते. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. परवलीचा शब्द मागणारे घर आहे, पण तो शब्द आईचा आहे. बाप कोण, हे त्यातून कळत नाही.

भाटकार (सत्तरी), ४ मे, रात्री

सगळी चर्चा नवराबायकोवर अडकली आहे. आमच्याकडे काजूच्या बागेत सातभाई आहेत, त्यांचे काय? घरट्यावर चार-पाच जण चारा घेऊन येतात. त्यांतले आईबाप कोणते, हे एवढी वर्षे पाहूनही मला सांगता येत नाही. ज्यांची पिल्लेच नाहीत, ते कशासाठी राबतात? आणि याच सातभाईंच्या घरट्यात पावशा आणि चातक अंडी घालतात, तेव्हा तर अख्खे कुटुंब परक्याच्या पोरासाठी धावत असते.

शिंजीर, ५ मे, सकाळी

भाटकार, आपण विषय योग्य जागी आणलात. १९६४ साली हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने मांडलेला विचार असा: आईबापांकडून पिल्लाला निम्मी निम्मी जनुके मिळतात, म्हणून आईबाप आणि पिल्लू यांचे नाते ०.५. सख्ख्या भावंडांचे नातेही सरासरी ०.५. सावत्र भावंडांचे ०.२५. मदत करणाऱ्याला जेवढे मोजावे लागते, त्याहून नात्याच्या प्रमाणात मिळणारा लाभ जास्त असेल, तर मदत करण्याची वृत्ती टिकते. मागच्या विणीतले पिल्लू यंदा घरटे न करता धाकट्या भावंडांना भरवत असेल, तर ते सर्वस्वी परमार्थ करते असे म्हणता येत नाही.

इंग्लंडमधील लांब शेपटीच्या टिट या छोट्या पक्ष्यात हे फार स्वच्छ दिसते. ज्यांचे स्वतःचे घरटे मोडले, ते नातेवाइकांच्या घरट्यावर भरवायला जातात. आपले कोण हे ते हाकांवरून ओळखतात आणि त्या हाका त्यांनी लहानपणी घरट्यातच ऐकलेल्या असतात. येथे पुन्हा तेच: ओळख रक्ताची नसून सहवासाची. पण सहवासातले बहुधा रक्ताचेच असल्यामुळे ती उपयोगी पडते.

आता मूळ धाग्याशी गाठ. मादीचे बाहेरचे संबंध वाढले, तर पिल्ले सख्खी न राहता सावत्र होतात आणि मोठ्या भावंडाचे धाकट्याशी नाते ०.५ वरून ०.२५ कडे घसरते. मग मदतीत राम कमी. २०१० साली अनेक जातींची तुलना करून असेच दाखवले गेले की गटाने पिल्ले वाढवणाऱ्या जातींत बाहेरचे पितृत्व एकंदरीत कमी असते. फ्लोरिडातील ‘स्क्रब-जे’ नावाच्या पक्ष्यांत मदतनीस असतात आणि जोडी जनुकीय दृष्टीनेही जवळजवळ एकनिष्ठ असते. फेअरी-रेनमध्ये मदतनीस असूनही ७६ टक्के! अपवाद कसा टिकला, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत आणि ते मला आवडतात.

रानवाट, ५ मे, दुपारी

सुगरणीचे नाव अजून कोणीच घेतले नाही, म्हणून लिहिते. तिसवाडीत खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीच्या) कडेच्या माडांवर दरवर्षी पावसाळ्यात ही घरटी लोंबतात. नावाने गौरव मादीचा होतो, विणतो मात्र नर. अर्धे घरटे झाले की मादी येऊन पाहून जाते, तिला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी सुरू करतो. सलीम अली यांनी किहीमला हे सारे टिपून १९३१ साली प्रसिद्ध केले. अंडी उबवणे मादीकडेच आणि भरवण्याचा बहुतेक भारही तिच्यावरच. नराचा वेळ पुढच्या घरट्यात जातो. पितृत्वाची खात्री किती, यापेक्षा दुसरी मादी मिळण्याची संधी किती, यावरही बापाची काळजी ठरते, हे येथे उघड्यावर दिसते.

गुरुजी_डिचोली, ५ मे, रात्री

सुगरणीच्या बाबतीत मी मुलांना अनेक वर्षे उलटे सांगितले, हे कबूल करतो.

एक प्रश्न उरतो. हे सगळे आईबापांच्या बाजूने झाले. पिल्लांच्या वागण्यात नात्याचा काही परिणाम दिसतो का?

मांडवीकाठ, ६ मे, सकाळी

गुरुजी, दिसतो. १९९४ साली अनेक गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिल्लांचे घास मागतानाचे आवाज मोजून तुलना करण्यात आली. ज्या जातींत बाहेरचे पितृत्व जास्त, त्या जातींची पिल्ले अधिक मोठ्याने ओरडत होती. शेजारी बसलेले भावंड सावत्र असण्याची शक्यता जेवढी अधिक, तेवढे त्याच्या वाट्याचे ओढून घेण्यात आपले नुकसान कमी. ओरडण्याला किंमत आहे, कारण त्या आवाजावर भारद्वाज येतो, मांजर येते. पिल्लाला बाजूच्याचे नाते ठाऊक असते असा याचा अर्थ नाही. त्या जातीत पिढ्यानुपिढ्या जे फायद्याचे ठरले, ते ती घेऊन जन्मतात.

भाटकार, ६ मे, दुपारी

एवढ्या चर्चेपेक्षा कुळागरकरांनी पिल्लांचे रक्त तपासून घेतले तर? खासगी प्रयोगशाळा हल्ली पोपटांचे लिंगसुद्धा सांगतात.

शिंजीर, ६ मे, दुपारी

कृपया नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानपक्षी धरणे, त्याचे घरटे किंवा अंडी हलवणे हा गुन्हा आहे. असे नमुने परवानगी असलेले, हात बसलेले संशोधकच घेतात. उडण्याच्या बेतात असलेल्या पिल्लांच्या भोकात हात घातला, तर ती वेळेआधी बाहेर उड्या टाकतात. येथे तर खाली विहीर आहे. कुळागरकर, आपण भोकासमोर उजेडाचा झोत टाकून छायाचित्रेही घेऊ नयेत. आपली रेघांची वही पुरेशी आहे. पिल्ले बाहेर पडल्यावर कोण कोणाला भरवते, तेवढे मात्र अवश्य पाहा. युरोपातील रॉबिनसारख्या काही पक्ष्यांत आईबाप उडती पिल्ले आपसांत वाटून घेतात आणि मग प्रत्येक जण आपल्या वाट्याचेच भरवतो.

कुळागरकर, ११ मे, सकाळी

पिल्ले परवा बाहेर पडली. तीन आहेत, छातीवर तांबूस ठिपके, शेपटी अजून आखूड. विहिरीत कोणी पडले नाही. खबरदारी म्हणून आदल्या दिवशी मी कठड्यावर माडाच्या झावळ्या आडव्या टाकून ठेवल्या होत्या.

शिंजीर यांनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस पाहिले. दोन पिल्ले पोफळींच्या बाजूला राहतात, त्यांना नर भरवतो. तिसरे जास्वंदीच्या कुंपणात असते, त्याला मादी. आज सकाळी पोफळीकडचे एक पिल्लू भरकटून कुंपणाशी आले आणि मादीसमोर पंख थरथरवत तोंड वासून बसले. चोचीत नाकतोडा असूनही ती त्याला ओलांडून आपल्या पिल्लाकडे गेली. थोड्या वेळाने नर आला आणि त्याला भरवून पुन्हा पोफळींकडे घेऊन गेला. ज्या कुंपणावर महिन्यापूर्वी तो दुसरा नर उतरला होता, तेच हे कुंपण. वाटणीत ती दोनच पिल्ले त्याच्याकडे कशी आली, हे मला पाहता आले नाही, कारण पहिल्या दिवशी दुपारी मी फोंड्याला गेलो होतो. आंब्यावरच्या ढोलीतील पिल्ले अजून आत आहेत. उद्यापासून वहीत त्यांचे वेगळे पान सुरू करतो.